घरत बाईंचा वाफा

घरत बाईंवर लिहायची वेळ आली तर ते काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. लिहिणारे पुष्कळ मिळतील. पनवेलच्या बाजारात उभं राहून नुसतं 'घरत बाई' म्हणा, एखादा चाळिशीचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येईल आणि भेंडीच्या फुलाची गोष्ट सांगायला लागेल. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. आणि शेजारच्या खुर्चीवरून माणूस जरा वेगळा दिसतो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेत आठवी ते दहावीचं जीवशास्त्र माझ्याकडे होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली शाळेतली मी एकटीच. माझ्या फळ्यावरच्या आकृत्या प्रसिद्ध होत्या. जास्वंदाचा उभा छेद मी रंगीत खडूंनी असा काढायचे की पुढच्या तासाला येणारे गणिताचे सर तो पुसायचे नाहीत, कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत गणितं सोडवायचे. मुलं शांत बसायची, वह्या नेटक्या ठेवायची, निकाल चांगला लागायचा. मला वाटायचं, शिकवणं म्हणतात ते हेच.

त्या वर्षी जूनमध्ये मंदा घरत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायला आल्या. जासईच्या. रोज पनवेल-उरण एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. उंच, काळ्यासावळ्या, चालताना पाऊल असं टाकायच्या की व्हरांड्यातल्या फरशा वाजाव्यात. आवाज तर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायला घडवलेला. वर्गात नीट पुस्तकी मराठी बोलायच्या, पण आनंद झाला किंवा राग आला की गावचं बोलणं बाहेर पडायचं. 'आमी', 'तुमी', 'हाय', 'नाय'. मुलांना हे आठवड्याभरात कळलं. बाई 'आहे' म्हणाल्या की धडा चालू आहे, आणि 'हाय' म्हणाल्या की काहीतरी बघण्यासारखं आहे.

पहिल्याच दिवशी त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. फळ्यावर मक्याच्या दाण्याची आकृती होती. बराच वेळ बघत राहिल्या. मग मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, पोटावर हात ठेवून म्हणाल्या,

"सबनीस बाई, तुमचं चित्र बघितलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं हो!"

सगळे दचकले. मग हसले.

"खरंच सांगते. मी जास्वंद काढायला घेतलं तर छत्री होते. उलटी झालेली."

ही त्यांची रीत होती. कुणाची साडी आवडली, कुणाच्या कुंडीतल्या शेवंतीला जास्त कळ्या आल्या, कुणाचं अक्षर चांगलं निघालं, की त्या पोटावर हात ठेवून जाहीर करायच्या. हेवा त्यांना शिंकेसारखा यायचा आणि तसाच निघून जायचा. मला तसा येत नसे. माझा आत बसायचा, आणि चांगला मुक्काम करायचा.

त्यांच्या अंबाड्यात रोज एक फूल असे. अबोली, मोगरा असलं काही नाही. भेंडीचं, तुरीचं, शेवग्याचं, कधी दुधी भोपळ्याचं. वर्गात शिरल्या की पाठ फिरवून उभ्या राहायच्या आणि मुलांनी ओळखायचं. चाळीस मुलं ओरडायची. "बाई, मोहरी!" "बाई, मुळा!" हजेरी त्यानंतर. माझ्या वर्गापर्यंत तो आरडाओरडा यायचा आणि माझी आठवीची मुलं हसू दाबत एकमेकांकडे बघायची. दोन वर्षांपूर्वी तीही याच वयाची होती, तेव्हा असं कुणी नव्हतं, याची हळहळ मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायची.

शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, मोडके बाक टाकायची एक जागा होती. हेडसरांच्या मागे लागून त्यांनी ती मिळवली. मुलांकडून बाक हलवले, दगड वेचले, कुदळ मारली, आणि त्या तुकड्याला 'वाफा' म्हणायला सुरुवात केली. पुढं त्याचे दहाबारा वाफे झाले तरी सगळी शाळा एकवचनातच बोलायची. "कुठं आहे सातवी ब?" "वाफ्यावर."

पहिल्या वर्षीच एक प्रसंग घडला. वाफ्याच्या कडेला त्या मुलांना सांगत होत्या, की सूर्यफूल सकाळी पूर्वेला तोंड करून असतं आणि संध्याकाळी पश्चिमेला, दिवसभर सूर्याच्या मागे फिरत असतं. मी व्हरांड्यातून जात होते. थांबले. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका स्वच्छ आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "घरत बाई, तुमचं थोडं चुकतंय. कोवळं असताना, कळी असताना फिरतं ते. पूर्ण फुललेलं फूल फिरत नाही. ते पूर्वेकडेच तोंड करून राहतं."

मला वाटलं, त्या ओशाळतील. निदान वाद घालतील. त्यांनी डबा बाजूला सारला.

"नक्की?"

"पुस्तकात दाखवू?"

"नको. पेरते."

आणि पेरली त्यांनी. वाफ्याच्या कडेनं सूर्यफुलांची रांग उभी राहिली. मुलं सकाळी शाळेत आल्या आल्या धावत जायची, दुपारी जायची, शाळा सुटताना जायची. कळ्या फिरताहेत म्हणून नाचायची. मग फुलं उमलली, आणि एकेक करून पूर्वेला तोंड करून थांबली.

त्या दुपारी मी नववीवर मुळाचे प्रकार शिकवत होते. दारात सहावी अ येऊन उभी राहिली. सगळीच्या सगळी. पुढे उभी होती ती मुलगी हात मागे बांधून म्हणाली,

"बाई, घरत बाईंनी सांगायला सांगितलंय, की सबनीस बाई बरोबर होत्या आणि मी चूक होते."

मागून कुणीतरी ओरडलं, "फुलं फिरत नाहीत बाई! आम्ही बघितलं!"

आणि ती सगळी मुलं माझ्याकडे बघून इतकी खुशीत हसत होती, जणू मी त्यांना बक्षीस दिलं होतं. मी "शाबास, जा वर्गात" म्हणाले. माझंच खरं ठरलं होतं. तरी घरी जाताना मला हरल्यासारखं वाटत होतं. मी गेली कित्येक वर्षं सूर्यफूल शिकवत होते. ते बघायला कुणी कधी धावत गेलं नव्हतं.

माझी मुलगी मुग्धा पुढच्या वर्षी सहावीत गेली, तेव्हा हे दुखणं घरात आलं.

सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, घरत बाईंनी सहावीला जासईला नेलं. त्यांच्या भावाचं शेत होतं तिथं, खाडीच्या बांधाला लागून. भात फुलावर आलं होतं. भाताचं फूल सकाळी उन्हं चढल्यावर थोडा वेळ उघडतं आणि लगेच मिटतं. एसटी वेळेवर सुटली नाही तर सगळी खेप फुकट. मदतीला म्हणून हेडसरांनी मला बरोबर पाठवलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा भाऊ बांधावर उभा राहून हातवारे करत होता. "पळा पळा! उघारलीत! पोरांनो, बांधावरनं या, भातात नको शिरू!"

मुलं बांधावर ओणवी झाली. आधी कुणाला काही दिसेना. हिरव्या लोंब्या, बस. मग मुग्धाचा आवाज आला. "बाई, याला काहीतरी लटकलंय!"

तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या हिरव्या कवचाचे दोन भाग अलगद विलगले होते आणि त्यातून पिवळट पुंकेसर बाहेर लोंबत होते, वाऱ्यानं हलत होते. एक दिसलं की मग सगळीकडे दिसू लागले. सबंध शेत फुललेलं होतं.

"रोज दोन वेळा भात खाता ना?" घरत बाई म्हणाल्या. "हे हाय त्याचं फूल. बघून घ्या. आता मिटेल."

मुलं गप्प होती. तीस-चाळीस मुलं एका जागी इतकी गप्प मी परीक्षेतही पाहिली नव्हती. मीही वाकून बघत होते. भाताच्या फुलाची आकृती मी एम.एस्सी.ला असताना कितीदा काढली होती. सगळी नावं मला तोंडपाठ होती. तरी मी तिथं मुलांच्या मागे, चिखलात साडी धरून उभी होते आणि माझ्याच मुलीच्या तोंडाकडे बघत होते. तिनं मान वर केली तेव्हा डोळे मोठे झाले होते. त्या डोळ्यांनी तिनं इकडेतिकडे कुणाला तरी शोधलं. मी हात थोडा वर केला. तिची नजर माझ्यावरून सरकत घरत बाईंवर जाऊन थांबली.

त्यानंतर आमच्या घरात फक्त घरत बाई. जेवताना घरत बाई, वेणी घालताना घरत बाई. एकदा मुग्धा कारल्याचं एक फूल हातात घेऊन विचारत होती, की या वेलाला पुष्कळ फुलं येतात पण कारली थोडीच का लागतात. मी हातातली पोळी तव्यावर टाकून सांगायला लागले. नरफूल, मादीफूल, परागीभवन. दोन वाक्यं झाली असतील.

"असू दे आई," ती म्हणाली. "मी उद्या घरत बाईंना विचारते."

पोळी करपली. यजमानांना मी सांगितलं की गॅस मोठा राहिला.

घरत बाईंची एक खोड होती, ती म्हणजे त्या पुढं सरकत नसत. पुस्तकात अठरा धडे असले तर फेब्रुवारीपर्यंत त्यांचे नऊ झालेले असत. एखादं बी रुजायला वेळ लागला तर धडाही थांबायचा. एका वर्षी पालकांनी तक्रार केली. हेडसरांनी मला बोलावलं.

"सबनीस बाई, तुम्ही विषयातल्या जाणकार आहात. त्यांच्या एका तासाला मागे बसा आणि मला सांगा. पालक म्हणताहेत, वाफा बंद करा आणि त्यांना पुस्तक शिकवायला लावा. नाहीतर वर्ग तरी बदला."

मी सातवीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. घरत बाईंना कारण माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मी तिथं नाहीच असं धरून तास सुरू केला.

प्रत्येक बाकावर एक जास्वंद होतं. फळ्यावर काहीच नव्हतं.

"समजा, हे फूल तुम्हाला करायचं आहे," त्या म्हणाल्या. "पण सामान कमी आहे. काय काय वगळता येईल?"

मुलं भांडायला लागली. एकजण म्हणाला, पाकळ्या काहीही झालं तरी ठेवायच्या. "तोडा," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी पाकळ्या तोडल्या. "आता हे फूल आहे की नाही?" अर्धा वर्ग आहे म्हणाला, अर्धा नाही. एक मुलगी रडवेली झाली. मग कुणीतरी बोटाला लागलेली पिवळी पूड दाखवली. मग खालचा फुगीर भाग नखानं उघडला, आत पांढरे कण निघाले. आणि मग एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, याला काहीतरी नाव असेल ना? सांगा ना!"

माझ्या वर्गात नावं आधी यायची. मी ती सुंदर अक्षरात लिहायचे, बाण काढायचे. नाव मागणारं मूल मी पाहिलं नव्हतं.

मी हेडसरांकडे गेले. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि मला ते आलंही नसतं.

"अभ्यासक्रम मागे आहे, पालक म्हणतात ते खरं आहे," मी म्हटलं. "उरलेले धडे मी शिकवते. माझे दोन मोकळे तास आहेत. वाफा राहू दे."

हेडसरांनी चष्मा काढला. "तुम्ही? तुमचे मोकळे तास?"

"हो."

मोठेपणा म्हणून केलं नाही मी हे. वाफा बंद झाला असता तर मुग्धानं माझ्याशी किती दिवस अबोला धरला असता, याचा हिशेब माझ्या डोक्यात होता. आणि दुसरं म्हणजे, वाफा बंद करणारी सबनीस बाई म्हणून मला गावानं कायम ओळखलं असतं. मी उरलेले धडे शिकवायला सातवीत गेले की मुलं 'अरे देवा' अशा तोंडानं वह्या काढायची. ते तास मी पुरे केले.

घरत बाई संध्याकाळी एसटी स्टँडवर मला गाठायला धावत आल्या. उरणची गाडी लागलेली होती.

"सबनीस बाई, तुमी माझं वाचवलंत."

"अहो, त्यात काय."

"थांबा, अजून बोलायचं हाय. मला राग पण आलाय. माझं राहायचं की जायचं, हे तुमच्या हातात का होतं? तुमच्याकडं ती मोठी पदवी हाय म्हणून? रात्रभर माझ्या पोटात दुखत होतं."

एवढं बोलून त्या गाडीत चढल्या आणि खिडकीतून हात हलवला. राग, आभार, हेवा, सगळं एका दमात. मी रिक्षात बसले आणि मला त्याचाही हेवा वाटला. इतकं मोकळं बोलून घरी जेवायला जाता आलं पाहिजे.

त्या सुमाराला उरणकडे बंदर झालं आणि जासईच्या आसपास कंटेनर ठेवायला जागा लागू लागल्या. रस्त्यानं दिवसभर ट्रेलर जायला लागले. एकेक शेत भरावाखाली जाऊ लागलं. घरत बाई हे सांगताना आवाज चढवत नसत, उलट हळू बोलत. मग एका उन्हाळ्यात भावाच्या शेताची पाळी आली.

मी बाजारातून परत येत होते. स्टँडवर उरणची गाडी येऊन उभी राहिली आणि मागच्या दारातून घरत बाई एक पोतं ओढत होत्या. आत आणखी दोन पोती. कंडक्टर वैतागला होता.

"बाई, काय भरलंय हे? चढताना विचारलं तर नीट सांगत नाय तुमी."

"सांगितलं ना. शेत हाय."

"शेत?"

"शेत. सामानाचं तिकीट काढलंय मी. धरा तिकडनं."

कंडक्टरनं पोतं धरलं. मी पिशवी खाली ठेवून दुसरं टोक धरलं. सुतळीतून माती सांडत होती, काळी, खारट वासाची, आणि तिच्यात भाताची जुनी मुळं होती. त्या वासानं मला ते फुललेलं शेत एकदम आठवलं.

"उद्या मुरूम टाकणार," त्या म्हणाल्या. "भाऊ घरात बसलाय, तोंड भिंतीकडं करून. मी म्हटलं, वरची वरची तरी घेऊन जाऊ."

रिक्षात पोत्यांवर पाय ठेवून आम्ही शाळेत गेलो. सुट्टी लागलेली होती, शाळा रिकामी होती. आम्ही दोघींनी पोती वाफ्यावर ओतली. त्या उकिडव्या बसून हातानं माती पसरत होत्या. रडत नव्हत्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण सुचलं ते बोलण्यासारखं नव्हतं. माझे वडील बदलीच्या नोकरीत. आम्ही भाड्याच्या खोल्यांत वाढलो, सामान बांधत आणि सोडत. जाताना वाईट वाटावं असं माझं जमिनीवर काही कधी नव्हतंच. त्यांच्या दुःखाजवळ बसूनही मला त्यांचा हेवा वाटत होता, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी नळावर पाणी आणायला गेले.

त्या पावसाळ्यात त्या मातीत भात लावलं. मुलांनी लावलं, वेडंवाकडं. सप्टेंबरात वर्गांच्या खिडक्यांतून मुलं बघत असायची आणि एका सकाळी सगळी शाळा टाकीच्या मागे पळाली. मीही माझा दहावीचा वर्ग सोडला. फळ्यावर आकृती अर्धी राहिली.

असं काही वर्षं चाललं. मग पनवेल वाढलं, मुलं वाढली, शाळेला वर्ग अपुरे पडू लागले. नवी इमारत बांधायची ठरली ती टाकीच्या मागेच. दुसरीकडे जागा नव्हती, हे खोटं नव्हतं. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी घरत बाईंना गच्चीवर कुंड्या देऊ केल्या.

"गच्चीवर?" त्या म्हणाल्या. "मुळं कुठं जायची मग?"

त्यांनी भांडण केलं नाही. उरणपलीकडं खाडीकाठच्या करंजाला, कोळीवाड्याजवळच्या एका लहान शाळेत जागा होती, तिथं अर्ज केला. घर बदललं. शेवटच्या दिवशी त्यांनी मुलांना वाफ्यावर बोलावलं आणि ज्याला हवी त्यानं माती न्यावी असं सांगितलं. मुलं डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. मुग्धा तेव्हा कॉलेजात होती. तीही आली, आणि घरातली पितळी बादली भरून घेऊन गेली. माझ्या गॅलरीतली तुळस त्या मातीत आहे. इतकी चांगली तुळस मला कधी आली नव्हती, हे मी कुणाला सांगत नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी उरलो. त्या पदरानं हात पुसत होत्या. मी म्हटलं, "घरत बाई, एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. पहिल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्या शेजारी बसायची मी. बाकीच्यांना काय पडलं होतं मी काय करते त्याचं? तुमी एकट्या नीट बघत होतात."

आणि कुदळ खांद्यावर टाकून गेल्या.

मुग्धा शेतीचं शिकायला दापोलीला गेली. जाण्याआधी ती करंजाला जाऊन त्यांना नमस्कार करून आली. मला तिनं निघताना गाडीच्या दारात घाईघाईनं केला. तिकडून पत्रं यायची, त्यात कलमांबद्दल, आंब्याच्या मोहराबद्दल लिहिलेलं असे. वाचताना वाक्यं मला ओळखीची वाटायची. माझी नव्हती ती.

पुढं दोनेक वर्षांनी उरणला एका लग्नाला गेले होते. पावसाचे शेवटचे दिवस. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून रिक्षा करून करंजाला गेले. शाळेत शिपाई एकटाच होता. "बाई पोरांना घेऊन खाडीवर गेल्यात," म्हणाला.

धक्क्यावर मासळी वाळत घातली होती, होड्या लागल्या होत्या. पलीकडे ओहोटीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात पंधरा-वीस मुलं रांगेनं उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांच्या मध्ये घरत बाई. साडी वर खोचलेली. केस बरेच पांढरे झाले होते. प्रत्येक मुलाच्या हातात हिरवी, लांबट, शेंगेसारखी कांडी होती. कांदळाची, खाडीतल्या खारफुटीची. त्या झाडाचं बी झाडावर असतानाच रुजतं, कोंब फुटूनच खाली पडतं. आई पोराला पायावर उभं करून मगच सोडते, असं काहीतरी त्या मुलांना सांगत असणार, मला इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं.

मी चपला काढल्या आणि हाक मारली.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "सबनीस बाई? उतरा खाली! पाणी भरायला लागेल आता, लवकर!"

मी उतरले. लग्नाची साडी होती. मला वाटलं, त्या जवळ येतील, हात धरतील, मुग्धाची चौकशी करतील. त्यांनी टोपलीतली एक कांडी माझ्या हातात दिली आणि रांगेच्या शेवटी बोट दाखवलं.

"तिकडं उभ्या राहा. त्या पोरीच्या पलीकडं. टोकाची बाजू खाली."

मी उभी राहिले. शेजारच्या लहान मुलीनं माझ्याकडे आणि माझ्या साडीकडे पाहिलं, आणि जरा सरकून मला जागा दिली. "खोल नको घालू," ती म्हणाली. "पडली तरी चालंल, बाई परत लावायला देतात."

मी वाकून कांडी चिखलात खोवली. ती तिरकी झाली. काढून पुन्हा खोवली. चिखल गार होता. कितीतरी वेळानं मी मान वर केली आणि बाईंना शोधलं, माझं नीट झालंय का ते दाखवायला.

त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्या होत्या. माझ्याकडे पाठ होती. एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्याएवढ्याच वाकून, तो दाखवत होता ते बघत होत्या. पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी कांडी धरून उभी राहिले, माझी पाळी यायची वाट बघत.